गोदामाचा भाग काढला तर ताफ्यात उरतं काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘सायबरपंक रेड’ या टेबलावर बसून, पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या खेळासाठी मी लिहिलेल्या ‘बुटीबोरी ते शिवमडका’ या मिशनवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मिशन टेबलावर चालवून, नेमकं कुठं अडलं ते सांगणारे वाचक थोडे असतात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी: मिशनमध्ये खेळाडूंची टोळी आधी बुटीबोरीच्या गोदामात शिरते आणि मग तिथून समृद्धी महामार्गावर निघालेला ट्रकचा ताफा लुटते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोदामात शिरण्याचा पहिला भाग लांबतो, त्यात नेटरनर (कॉम्प्युटर हॅक करणारं पात्र) एकटाच अर्धा तास खेळतो आणि बाकीचे मोबाईल काढून बसतात. ताफ्यावरचा हल्ला एका रॉकेटमध्ये आटोपतो. वेगाचे आणि मदत पोचण्याचे आकडे जुळत नाहीत. आणि नाईट सिटी हे खेळाचं मूळ शहर सोडून बुटीबोरी कशाला? तुमचा उपाय एकच, गोदाम काढून टाका आणि थेट रस्त्यावर या.

आकडे चुकले आहेत, हे आधीच मान्य करतो. पण गोदाम काढायला माझा ठाम विरोध आहे, कारण तुमची रॉकेटची तक्रार त्या गोदामाशीच बांधलेली आहे.

ताफ्यात ट्रक तीन आहेत, दिसायला अगदी सारखे, तिघांवरही कूलिंग युनिट. माल एकातच आहे: २ ते ८ अंशांत ठेवावी लागणारी लस, चार पेट्या. कोणत्या ट्रकमध्ये ते खेळाडूंना ठाऊक नसेल तर रॉकेट मारणं हा जुगार आहे. रॉकेटचं डॅमेज सहा बाजूंच्या ८ फाशांचं, सरासरी २८. ट्रक थांबतो खरा, पण पेट्या त्याच ट्रकमध्ये असतील तर त्यांचा चुरा होतो आणि काम देणारा दलाल दमडीही देत नाही. तुमच्या टेबलावर रॉकेट मधल्या ट्रकवर बसलं आणि माल शेवटच्या ट्रकमध्ये निघाला, असं तुम्ही लिहिलंय. तो नशिबाचा भाग झाला. खेळाडूंनी ट्रकची खात्री करून रॉकेट रिकाम्या गाडीवर मारलं असतं, तर ती त्यांची हुशारी झाली असती. गोदाम मला हवंय ते एवढ्यासाठी. तिथून तीन गोष्टी कळायला हव्यात: माल कोणत्या ट्रकमध्ये, ताफा कोणत्या वाटेनं जाणार, आणि सोबत माणसं किती.

माझी चूक अशी झाली की या तिन्ही गोष्टी मी एकाच कुलपात ठेवल्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये. मग नेटरनरशिवाय दुसऱ्या कुणाला काही काम उरतच नाही, आणि तुम्ही वर्णन केलेला कंटाळा तिथूनच येतो. नव्या मसुद्यात प्रत्येक गोष्ट किमान दोन ठिकाणी सापडते. ट्रकचंच घ्या. लस भरायच्या आधी गाडी रिकामी असतानाच थंड करून ठेवतात, भरल्यानंतर थंड करत बसत नाहीत. ज्या दोन गाड्यांत नुसती खोकी जाणार, त्यांच्यासाठी तासभर आधी इंधन कोण जाळेल? म्हणजे हमालांच्या टोळीत मिसळून आत गेलेल्या सोलोनं (लढवय्या पात्रानं) नुसते कान उघडे ठेवले तरी पुरे. तीनपैकी एकाच ट्रकचा कॉम्प्रेसर आधीपासून घरघरत असतो. टेकनं (यंत्रं जाणणाऱ्यानं) हाताच्या पंजानं दाराची कड चाचपली तरी कळतं. नवतपा सुरू आहे, रात्री दहालाही पत्रा तापलेला असतो, आणि एकच दार गार लागतं. वाट कळते ती बाहेर रांगेत उभ्या ड्रायव्हरांकडून, आणि नोमॅड (गाड्या चालवणारं पात्र) तिथं चहा घेत बसलेलाच असतो.

नेटरनरच्या अर्ध्या तासाचा दोष नियमांवर जात नाही, माझ्या आराखड्यावर येतो. सायबरपंक रेडमध्ये नेटरनरला ॲक्सेस पॉइंटपासून (नेटवर्कला जोडायच्या जागेपासून) ६ मीटरच्या आत यावंच लागतं, म्हणजे तो टोळीबरोबर आत शिरतो, घरी बसून खेळत नाही. त्याच्या नेट ॲक्शन, म्हणजे नेटवर्कमधल्या कृती, बाकीच्यांच्याच इनिशिएटिव्हच्या (पाळीच्या) रांगेत येतात. इंटरफेस (हॅकिंगची पातळी) ४ असेल तर एका टर्नला ३ नेट ॲक्शन मिळतात. डीव्ही म्हणजे पातळी आणि फासा मिळून ज्याच्या वर जायचं तो आकडा; डीव्ही ८च्या पासवर्डसाठी दहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के शक्यता. तिन्ही प्रयत्न फसण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक वेळा नेटवर्कचा एक मजला एका टर्नमध्ये सुटतो. मी मात्र नऊ मजल्यांचं आर्किटेक्चर दिलं होतं, आणि एका गोदामाच्या डिस्पॅच ऑफिसला नऊ मजले शोभत नाहीत. आता चार आहेत: पासवर्ड, एक ब्लॅक आइस (घुसखोरावर हल्ला करणारा प्रोग्रॅम), डिस्पॅचची फाइल, आणि गेटच्या कॅमेऱ्याचा कंट्रोल नोड. तीन ते पाच टर्नमध्ये काम होतं, खेळातल्या वेळेत नऊ ते पंधरा सेकंद. तेवढ्या टर्नांत बाहेर काय घडतंय ते जीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) प्रत्येक वेळी एकेका वाक्यात सांगायचं. हे टेबलावर असं ऐकू येतं (फिक्सर म्हणजे सौदे जुळवणारं पात्र):

“नेटरनर, फाइल उघडली, पण आइस जागा झालाय. तुझ्या दोन ॲक्शन उरल्यात. थांब तिथंच. फिक्सर, गेटवरचा गार्ड तुझ्या खिडकीशी वाकलाय: ‘काऊन भाऊ, गाडी कोनाची हाय? पास तं दाखव.’ पास नाहीये. काय म्हणतोस?”

फिक्सर म्हणतो, “सायबांनी पाठवलंय, बर्फाच्या पाट्या आणल्यात.” आणि रोल करतो. निकाल कळला की गार्डचं उत्तर द्यायच्या आधीच परत नेटरनरकडे वळायचं. लोंबकळत ठेवलेल्या क्षणी माणूस मोबाईलकडे बघत नाही, कारण पुढचा शब्द त्याच्या गार्डचाच असणार असतो.

आता चोरपावलांचं गणित. ते बहुतेक जीएमांच्या ध्यानात येत नाही, आणि तुमच्या टेबलावरही तेच झालेलं दिसतंय. तुम्ही चौघांकडून वेगवेगळा स्टेल्थ रोल करून घेतला, डीव्ही १५. ज्याची अंगभूत गुण आणि कौशल्य यांची बेरीज १२ आहे त्याला फाशावर ४ किंवा जास्त लागतात, म्हणजे ७० टक्के. ज्याची ८ आहे त्याला ८ किंवा जास्त, म्हणजे ३० टक्के. दोघं १२चे आणि दोघं ८चे असतील तर चौघंही पार होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते. ती टोळी दारातच पकडली जाणार होती, फासे पडायच्या आधीच. म्हणून दोन गोष्टी करा. एक म्हणजे, टोळी एकत्र सरकत असेल तर रोल एकानंच करायचा, वाट दाखवणाऱ्यानं. दुसरी, फसलेला रोल म्हणजे लगेच सायरन नाही. कागदावर सहा चौकोनांची पट्टी काढा आणि प्रत्येक चुकीला एक चौकोन भरा. दोन भरले की गेटवरच्या नोंदवहीतले पास परत तपासले जातात. चार भरले की ताफ्याला आणखी एक गाडी आणि चार माणसं जोडली जातात. सहा भरले की ताफा ठरल्या वेळेच्या ४० मिनिटं आधी निघतो, आणि दबा धरून बसायची जागा गाठायच्या आतच माल पुढं गेलेला असतो. मिशन थांबत नाही, दबा धरण्याऐवजी पाठलाग होतो, आणि नोमॅडला त्याची रात्र मिळते. ताफा निघायचा तो निघतोच, हे या मिशनमध्ये मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गोदामात हरलेले खेळाडू रस्त्यावर हजर असतात, फक्त कमी माहिती आणि जास्त शत्रू घेऊन.

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी १२० लिहिलं होतं, पण समृद्धीवर १२० ही छोट्या गाड्यांची मर्यादा आहे, मालाच्या ट्रकला ८०. सोबतच्या गाड्या ट्रकच्याच वेगानं जाणार. रेडमध्ये एक टर्न साधारण ३ सेकंदांचा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, टर्नला ६६ मीटर. पुढं एक गाडी, मागं एक, मधे १२ मीटरचे तीन ट्रक, दोन वाहनांत ३० मीटर अंतर: ताफ्याची लांबी १६५ मीटरच्या आसपास. एका जागी उभ्या माणसासमोरून सगळा ताफा साडेसात सेकंदांत, म्हणजे अडीच टर्नमध्ये निघून जातो. माझ्या जुन्या १२० वर तो पाच सेकंदांत गेला असता, दोन टर्नही मिळाले नसते. तुमच्या खेळाडूंना “आम्ही बंदूक उचलेपर्यंत संपलं” असं वाटलं, त्यामागे हेच आहे.

थांबायलाही अंतर लागतं. भरलेला ट्रक ८० वरून थांबवायचा तर ड्रायव्हरच्या लक्षात येण्यापासून धरून ७० मीटर तरी जातात, म्हणजे जवळजवळ दोन टर्न. अडथळा २०० मीटरवरून दिसत असेल तर ताफा आरामात थांबतो, मागं फिरायची तयारी करतो आणि गार्ड गाडीबाहेर पडून आडोसा धरतात. ड्रायव्हरला तो दिसू लागला पाहिजे ७० मीटरच्या आत. सरळसोट, सहा पदरी, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या रस्त्यावर ही जागा शोधणं हे खेळाडूंचं काम, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका. कुणी इंटरचेंजचं वळण सुचवेल, कुणी धुळीचा पडदा, कुणी पुढची गाडीच हॅक करायचं म्हणेल. योजनेला घड्याळ लावून १५ मिनिटं द्या, त्यापुढं एक मिनिटही नाही.

आणि कृपा करून रस्त्याचा नकाशा काढू नका. चौकोनाला २ मीटर धरले तर १६५ मीटरला ८२ चौकोन लागतात, आणि अडीच सेंटिमीटरच्या चौकोनानं तो कागद दोन मीटरच्या वर जातो. टेबलावर पाच पुठ्ठ्याची कार्डं एकामागे एक ठेवा, प्रत्येक वाहनाचं एक. रस्ता सरकत राहतो, ताफ्याची रचना मात्र तीच राहते. गंमत अशी की रेडचे पल्ल्याचे टप्पे या कार्डांवर जवळजवळ चपखल बसतात. त्याच कार्डावरचा शत्रू ६ मीटरच्या आत: पिस्तुलाला डीव्ही १३, असॉल्ट रायफलीला १७. शेजारचं कार्ड २६ ते ५० मीटरच्या टप्प्यात: रायफलीला १३, पिस्तुलाला तब्बल २५. एक कार्ड सोडून ५१ ते १००: रायफल १५. त्यापुढं १०१ ते २००: रायफल २०, स्नायपर रायफल १६. म्हणजे ट्रकवर उडी मारायची असेल तर हातात पिस्तूल हवं, आणि रायफलवाल्यानं शेजारच्या वाहनावरून आधार द्यायचा. खेळाडूंना हे पहिल्या दोन टर्नांत आपोआप उमगतं, समजावून सांगावं लागत नाही.

मदत येण्याच्या वेळेचा घोटाळा तुम्ही फार अचूक पकडलात. “५ मिनिटांत कुमक येते” असं मी लिहिलं होतं. पाच मिनिटं म्हणजे १०० टर्न, आणि टेबलावरची लढाई आठ टर्नांच्या पुढं क्वचित जाते. ती कुमक कुणाच्याही टेबलावर कधी पोचलीच नसती. घाई आणायची तर ती मालातूनच आणा. एक पेटी दोघांनी मिळून उतरवायला दोन टर्न लागतात. ट्रकचं कूलिंग बंद पडलं असेल, किंवा गोळीनं फुटलं असेल, तर पेट्या तासाभरात दुसऱ्या थंड गाडीत गेल्या पाहिजेत. चार पेट्या म्हणजे आठ टर्न, तेवढा वेळ दोन माणसं बंदूक हातात न घेता उघड्यावर वावरणार. त्यांना आडोसा कोण देतं, हा प्रश्न कुमकीच्या धमकीपेक्षा जास्त ताण देतो.

गार्डांबद्दल एकच. २५ एचपी (जीव) आणि ७ एसपीचा (चिलखत) गार्ड असॉल्ट रायफलीच्या सरासरी तीन गोळ्यांत पडतो. त्यांना शेवटच्या माणसापर्यंत लढवू नका. दोन पडले की बाकीचे हात वर करतात, पगारासाठी कुणी जीव देत नाही. हात वर केलेल्या गार्डांचं काय करायचं, यावर खेळाडूंचा आपसात वाद होऊ द्या.

नाईट सिटीबद्दल. माईक पाँडस्मिथ यांचा हा खेळ १९८८ साली आला, रेड ही आवृत्ती २०२० ची आणि तिचा काळ २०४५. शहर कॅलिफोर्नियातलं कल्पित आहे आणि उत्तम रचलेलं आहे. पण तिथल्या कोपऱ्यावर काय आहे हे फक्त जीएमला माहीत असतं. नागपुरातल्या टेबलावर ‘वर्धा रोड’ म्हटलं की पाचही जणांच्या डोळ्यांसमोर खालचा रस्ता, वरचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वरची मेट्रो एकदम उभी राहते. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर आहेत. सायबरपंकला लागणारी एकावर एक चढलेली दुनिया याहून वेगळी काय असते? खेळाडू वर्णनाची वाट बघत नाहीत, आधीच म्हणतात, “शहरातून ताफा नेतील तर अजनीला अडकेल, त्यांना बाहेरूनच जावं लागेल.” वाट ओळखायचा हा तिसरा मार्ग मी मसुद्यात लिहिलेला नव्हता, आता लिहितो.

राहिला मोटरसायकलचा मुद्दा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे आणि मी नोमॅडला शिवमडक्याच्या नाक्यातून मोटरसायकलवर आत सोडलं, हे तुम्ही दाखवून दिलंत. ती बंदी २०४५ मध्येही तशीच ठेवतो. त्यामुळं मोटरसायकल एखाद्या ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली लपवून न्यावी लागेल, आणि ती खाली उतरवायला फळी लागेल. फळी आणायची आठवण कुणी ठेवली, हे जीएमनं गोदामातून निघतानाच विचारून घ्यावं.