‘आताच शुश्रूषागृह कशाला पाहायचे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शुश्रूषागृहाची, म्हणजे स्वतःचे स्वतः करता न येणाऱ्या वृद्धांना कायम ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या निवासाची, निवड आणि त्याची पूर्वतयारी यांविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने मतभेद नोंदवलेत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. आई-वडील हिंडते-फिरते असताना हा विषय काढणे म्हणजे ‘तुम्ही आम्हाला जड झालात’ असे त्यांना सुचवणे होय. अशा लेखांमुळे जबाबदारी झटकू पाहणाऱ्या मुलांना आयती सबब मिळते. आणि जागा पाहताना काय तपासावे याच्या माझ्या सूचनांमुळे माणसाच्या अखेरच्या वर्षांचा प्रश्न खोली निवडण्याइतका किरकोळ होऊन बसतो.

पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे माया आहे. परंतु हा विषय कोणीच काढला नाही, तर निर्णय पुढे कसा होतो ते पाहू. बहुतेक घरांत तो एखाद्या आघातानंतर होतो: खुब्याचे हाड मोडते किंवा पक्षाघाताचा झटका येतो, रुग्णालय दोन-तीन दिवसांत घरी न्यायला सांगते, आणि रुग्णाला आता उठता-बसता दोन माणसांचा आधार लागणार असतो. उतारवयात शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर आजारात बुद्धीला काही काळ भ्रम पडणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. अशा अवस्थेत त्या व्यक्तीला ‘तुला कुठे राहायला आवडेल’ हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ उरत नाही. मग जिथे खाट रिकामी असेल ती जागा ठरते, आणि जिच्या आयुष्याचा हा निर्णय आहे ती व्यक्तीच त्यात कुठे नसते. आपण ज्या दुखावण्याची काळजी करता, त्याहून हे दुखावणे मला अधिक खोल वाटते.

म्हणून माझा आग्रह शुश्रूषागृहाचा नसून त्या संभाषणाचा आहे. ‘तू तिथे जाशील का’ असे विचारण्याऐवजी ‘काहीही झाले तरी तुझ्या दिवसातले काय सुटू नये असे वाटते’ असे विचारता येते. कोणाला पहाटे उठण्याची आपली वेळ सोडवत नाही, कोणाला अंघोळीला परक्या माणसाची मदत असह्य वाटते, कोणाला दार लावून घेता आले नाही तर गुदमरते. ही उत्तरे आधी माहीत असली तर जागा पाहताना काय शोधायचे ते कळते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग इथे आठवतो. एका गटातील रहिवाशांना त्यांचे निर्णय त्यांच्याच हाती असल्याचे सांगून सांभाळायला एक रोपटे दिले. दुसऱ्या गटाला सांगितले की सारे काही कर्मचारी पाहतील, रोपट्याला पाणीसुद्धा तेच घालतील. पहिल्या गटातील माणसे अधिक तरतरीत आणि उत्साही आढळली. अभ्यास लहान होता आणि त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, हे मान्य. तरीही त्याची दिशा मला योग्य वाटते.

याला एक रुक्ष पण आवश्यक बाजूही आहे. अनेक देशांत साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी ठरते. त्या काळासाठी वेगळी कायदेशीर तरतूद शुद्ध बुद्धीनेच करून ठेवावी लागते. कृत्रिम श्वसन किंवा नळीने अन्न देणे यांविषयीची इच्छाही तेव्हाच नोंदवता येते. उशीर झाला तर ही दारे बंद होतात.

सबबीबद्दल. ज्यांना जबाबदारी टाळायची आहे ते माझ्या लेखासाठी थांबलेले नसतात. मी लिहिते ती रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या आणि तरीही अपराधी वाटणाऱ्या माणसांसाठी. शुल्झ आणि बीच या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक दिसला. ज्यांना तसा ताण नव्हता त्यांच्यात अशी लक्षणीय वाढ आढळली नाही. म्हणजे घात सेवेने होत नाही, ती झेपेनाशी झाल्यावर होतो. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे या सहा क्रियांपैकी एक-दोनच अडत असतील, तर दिवसा येणारी मदतनीस पुरते आणि घर सोडण्याचे कारण सहसा नसते. या बाबतीत आपले आणि माझे मत एकच आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. रात्री किती रहिवाशांमागे किती कर्मचारी जागे असतात, हा प्रश्न किरकोळ नाही, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही तर कातडीवर सतत दाब पडून जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. सध्या किती जणांना अशा जखमा आहेत आणि कूस बदलल्याची नोंद कुठे ठेवतात, हे म्हणूनच विचारायचे. स्मृतिभ्रंश झालेल्यांना शांत ठेवण्यासाठी कोणती औषधे देतात, ती कोण लिहून देतो आणि कुटुंबाला विचारतात का, हेही विचारायचे. मनोविकारांवरील काही औषधांमुळे अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला होता. पडू नये म्हणून बांधून ठेवणाऱ्या जागेतून सरळ बाहेर पडावे. बांधल्याने पडणे टळत नाही, उलट स्नायू दुबळे होतात आणि बंधनात अडकून जीव गेल्याचीही उदाहरणे आहेत.

जागा पाहायला जेवणाच्या वेळी जावे, हा माझ्या लेखातला आग्रह याच कारणासाठी होता. ज्याला स्वतः खाता येत नाही त्याला नीट बसवून, घास गिळेपर्यंत थांबून कोणी भरवते, की ताट तसेच परत जाते, हे पाच मिनिटांत दिसते. दुसरी भेट सुटीच्या दिवशी संध्याकाळी, न कळवता द्यावी. करारात दोन गोष्टी अवश्य वाचाव्यात: रहिवासी रुग्णालयात गेल्यास त्याची खाट किती दिवस राखतात, आणि आजार बळावल्यास त्याला दुसरीकडे हलवायला सांगता येते का. दुसऱ्या अटीकडे माणसे काणाडोळा करतात आणि नेमक्या वाईट वेळी ती समोर येते.

आपण लिहिले आहे की आपल्या आईशी हा विषय आपण कधीही काढणार नाही. तो निर्णय सर्वस्वी आपला आहे. तरीही त्यांच्या चालू औषधांची मात्रेसह यादी, कशाची ॲलर्जी आहे त्याची नोंद, आणि त्या बोलू शकल्या नाहीत तर त्यांच्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलावे याविषयीचा त्यांच्याच सहीचा कागद, एवढे या महिन्यात करून ठेवावे, अशी आपल्याला विनंती आहे. यासाठी शुश्रूषागृहाचा उल्लेखही करावा लागणार नाही.