दोन नंबरचा रिमोट

१९९६ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्याच्यासोबत दोन रिमोट आले. जगात त्याला कंट्रोलर म्हणतात हे फार उशिरा कळलं. आमच्याकडे तो रिमोटच. पहिल्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन लांबट बटणं होती. दुसऱ्यावर त्या जागी नुसतं प्लास्टिक. पहिला दादाचा, दुसरा माझा. ही वाटणी कोणी केली हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही. मोठी सायकल, बसमधली खिडकी आणि कूलरसमोरची गादी जिकडे गेली, तिकडेच पहिला रिमोटही गेला.

पुढे वाचनात आलं की यात आमच्या दुकानदाराचा दोष नव्हता. निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जपानात जे मूळ यंत्र काढलं, त्याच्याही दुसऱ्या रिमोटवर ही दोन बटणं नव्हती. त्याऐवजी एक बारकासा माइक होता. आमच्याकडे आली ती त्या यंत्राची दोन नंबरची नक्कल. नकलेत माइक गेला, बटणं मात्र आली नाहीत. म्हणजे जपानातल्या धाकट्या भावाला निदान ओरडता तरी येत होतं.

धाकट्या भावाचं आयुष्य कसं असतं ते ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी ‘सुपर मारिओ’ दोघांत खेळून पाहावा. मोठा मारिओ होतो, धाकटा लुईजी. मारिओ मरेपर्यंत लुईजीनं बसून राहायचं. आमचा मारिओ मरायचाच नाही. मी मांडीवर रिमोट घेऊन दादाच्या मरणाची वाट पाहत असायचो, आणि आई स्वयंपाकघरातून कौतुकानं म्हणायची, “पाहा, किती शांत बसून आहे पोरगा!”

‘कॉन्ट्रा’मध्ये दोघं एकदम खेळता यायचं. निळ्या पँटचा दादा, लाल पँटचा मी. पण सुरुवातीच्या पडद्यावर ती सुप्रसिद्ध कळ दाबायचा मान त्याचाच: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, मग दोघांसाठी सिलेक्ट आणि स्टार्ट. तीनाऐवजी तीस जीव मिळायचे, मलाही मिळायचे, पण रेशनच्या साखरेसारखे. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सहीनं. तिसऱ्या टप्प्यात धबधबा यायचा. तिथं उड्या मारत वर चढायचं, आणि जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकायचा. जो खाली राहील त्याच्या पायाखालचा दगड पडद्याबाहेर, आणि तो मेला. दादा भराभर चढायचा. माझे तीसच्या तीस जीव त्या धबधब्यानं घेतले आहेत, शत्रूनं क्वचितच. वरून दादा ओरडायचा, “वर ये ना बे! काय करून राह्यला खाली?”

तर यंदा एप्रिलमध्ये दादाचा पुण्याहून फोन आला. मे महिन्यात नात्यातलं लग्न, चार दिवस मुक्काम. मे महिन्यात नागपूरला लग्न ठेवणाऱ्यांबद्दल दोन शब्द बोलून झाल्यावर म्हणाला, “तो गेम आहे का बे अजून?”

मी म्हटलं, “आहे ना.” आणि त्याच क्षणी ठरवलं. या वेळी रिमोट मी आणणार, यंत्र माझं, घर माझं. आणि एक नंबरही माझा.

गेम माळ्यावर सापडला. पण एका उंदरानं त्याची वायर आणि काळानं त्याचं बाकीचं खाल्लं होतं. कॅसेट मात्र धड होती, ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली. नव्व्याण्णव लाखांच्या त्या खजिन्यात मोजून वीसेक गेम होते आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मतदार याद्या पाहिल्यावर मला ही कॅसेट नेहमी आठवते.

आता उपाय एम्युलेटरचा. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. संगणकानं जुन्या यंत्राचं सोंग घ्यायचं आणि गेमला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही की आपण १.७९ मेगाहर्ट्झच्या चिपवर नसून मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये, वीजबिलाच्या फाइलशेजारी पळत आहोत. मी रेट्रोआर्क नावाचा बहुरूपी उतरवून घेतला. तो स्वतः काहीच चालवत नाही. प्रत्येक यंत्रासाठी वेगळा ‘कोअर’, म्हणजे त्या यंत्राचं सोंग वठवणारा भाग, लागतो, आणि एकट्या निन्टेन्डोसाठीच तीन-चार कोअर, प्रत्येकाचे भक्त वेगळे. मूळ मारिओ अवघ्या ४० केबीचा. त्यासाठी मी शेकडो एमबींचा सरंजाम उतरवला. एका संत्र्यासाठी अख्खा ट्रक.

मग कायद्याचा प्रश्न आला. मी हिशेब तपासणीतला माणूस; पावतीशिवाय मला झोप येत नाही. एम्युलेटर वापरणं ठीक, पण गेम कुठूनही उतरवून घेणं ठीक नाही. फार तर आपल्या मालकीच्या कॅसेटची प्रत आपण काढावी, असा सल्ला सगळीकडे. मी तासभर माझी कॅसेट हातात धरून विचार करत होतो. यंत्र नकली, त्यातली कॅसेट चोरीची, आणि मी तिची प्रत कायदेशीर मार्गानं काढायची! माझ्या आयुष्यातलं हे सर्वात अवघड ऑडिट. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, हा गेम विकत मिळतो. २०१९ ला कंपनीनंच जुन्या कॉन्ट्रांचा संच पीसीवर काढलाय. घ्या आणि खेळा.”

हे इतकं सरळ होतं की मला अपमान वाटला. कॉन्ट्रा काय सोप्या मार्गानं खेळायचा असतो? कॅसेटमधला मजकूर संगणकात उतरवून घेणारं यूएसबीचं यंत्र मिळतं, ते मागवलं. विकतच्या गेमपेक्षा ते बरंच महाग पडलं हे घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. कॅसेट बसवण्याआधी मी सवयीनं तिच्यात फुंकर मारली. फुंकरेनं काही होत नाही, उलट तोंडाच्या वाफेनं धातूच्या दातांना गंज धरतो, असं जाणकार सांगतात. त्या जाणकारांच्या घरी मोठा भाऊ नसणार. फुंकर मारली आणि गेम उतरला.

कीबोर्डवर खेळून पाहिलं. रेट्रोआर्कमध्ये झेड म्हणजे बी आणि एक्स म्हणजे ए. पण बाकीच्या कीबोर्डवरही सुरुंग पेरलेले. घाईत स्पेस दाबला गेला, तर सगळी दुनिया सुसाट वेगानं धावू लागली. एच ला बोट लागलं, तर गेम पहिल्यापासून सुरू. एस्केप दोनदा दाबला गेला, तर दुकानच बंद. आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्यात रिमोटची भर घाला.

मग बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, गाठली. पारा पंचेचाळीसवर, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. दुकानदारानं विचारलं, “कोणता देऊ भाऊ? पोरासाठी पाहिजे काय?”

“हव,” मी म्हटलं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसानं बर्डीच्या भरदुपारी यापेक्षा खरं बोलणं शक्य नसतं.

“मंग हेच घ्या. जोडी आहे. दोघं भाऊ भांडणार नाही.”

मी पाकीट काढायला गेलो तर हातात कांदा आला. दुकानदारानं त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि भाव पन्नास रुपयांनी कमी केला. माझी कीव आली असावी.

घरी येऊन पाहतो तर रिमोटवर ए नाही, बी नाही. चार बटणं आणि त्यांच्यावर १, २, ३, ४ असे आकडे. रेट्रोआर्कनं फर्मावलं: बी दाबा, म्हणजे खालचं. मुलगी म्हणाली, “खालचं ए असतं, बाबा.” तिनं मैत्रिणीकडे एक्सबॉक्स पाहिलेला. तिच्या जगात ए खाली आणि बी उजवीकडे. निन्टेन्डोच्या जगात बी खाली, ए उजवीकडे. आणि खालच्या बटणावर प्रत्यक्ष लिहिलेलं ३. एकाच बटणाला सासरचं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, आणि आधार कार्डावर तिसरंच.

या एका प्रश्नावर आमच्या घरी दोन संध्याकाळी गेल्या. मी वाद मिटवायला डोळे मिटले आणि अंगठ्याला विचारलं. अंगठ्याला अक्षरं येत नाहीत, त्याला फक्त डावं-उजवं कळतं: डाव्यानं गोळी, उजव्यानं उडी. त्याप्रमाणे तीनला गोळी, दोनला उडी दिली. बायको चहा घेऊन आली आणि बराच वेळ पाहत उभी राहिली. म्हणाली, “अहो, कूलरमध्ये पाणी भरायला चार वेळा सांगितलं. तेव्हा हा अंगठा कुठे होता?”

दुसऱ्या दिवशी तोच रिमोट, तोच गेम, आणि शिपाई जागचा हलेना. तासाभरानं शोध लागला. रिमोटच्या मधोमध ‘ॲनालॉग’ नावाचं बटण आणि वर लाल दिवा. दिवा लागलेला असताना बाणांची फुली संगणकाला एक भाषा बोलते, विझलेला असताना दुसरी. मी सगळं दिवा लावून जुळवलं होतं आणि आता तो विझलेला. दिव्यावर इतकं लक्ष मी फक्त गॅसच्या बर्नरवर दूध असताना ठेवतो.

खरं दुखणं याच्या पुढचं. दोन्ही रिमोट जुळे. संगणकात दोघांचंही नाव एकच: ‘जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक’. यातला एक नंबर कोण? विंडोजमध्ये ‘जॉय.सीपीएल’ लिहिलं की जोडलेल्या रिमोटांची खिडकी उघडते, बटण दाबलं की तांबडे ठिपके पेटतात. मी बटणं दाबून एक नंबर पकडला आणि बायकोच्या पाकिटातली मरून टिकली त्याच्या कपाळी लावली. टिकलीवाला माझा. मग झाडू मारायला वायर काढली, परत लावताना भोकं बदलली, आणि टिकलीवाला दोन नंबरवर. परत आदलाबदल. मी भोकांनाही टिकल्या लावल्या. मोलकरणीनं बायकोला हळूच विचारलं, “काका बरे आहेत ना?”

मधे एकदा टीव्हीला जोडून पाहिलं. उडीचं बटण दाबायचं आणि शिपाई जरा विचार करून उडी मारायचा, सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखा. नवे टीव्ही चित्र सजवून दाखवायला वेळ घेतात. ‘गेम मोड’ लावला की तो नट्टापट्टा बंद होतो आणि उशीर कमी होतो. तो सापडायला दीड तास, कारण आमच्या टीव्हीनं तो ‘इतर’च्या आत ‘प्रगत’च्या आत लपवला होता. जुन्या डब्बा टीव्हीत हे लाड नव्हते. बदकं मारायची ती बंदूकही त्यामुळेच तिथं चालायची. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी टिपायचा. नव्या टीव्हीत तो चौकोन उशिरा पोचतो, तोवर बंदुकीनं निकाल देऊन टाकलेला असतो. म्हणून ती बंदूक मी माळ्यावरच राहू दिली.

दादा आला. पन्हं झालं, लग्न झालं, लग्नातल्या पंगतीवर टीका झाली. शेवटच्या दुपारी पडदे ओढले, कूलर पुढ्यात घेतला. मी दादाच्या हातात बिनटिकलीचा रिमोट दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला. “यावर तर आकडे आहेत बे.”

“तीननं गोळी, दोननं उडी,” मी मालकासारखं सांगितलं.

गेम सुरू केला, आणि लाईट गेली.

वीस मिनिटं हातपंख्यानं वारा घेत आम्ही दोघं काळ्या टीव्हीसमोर बसलो. लाईट आली, संगणक परत चालू झाला, कॉन्ट्राचं नाव सरकत पडद्यावर आलं. मी टिकलीवाला उचलला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वर वर, खाली खाली असं दाबायला सुरुवात केली. सिलेक्ट. स्टार्ट.

काही हललं नाही. दिवा पाहिला. दिवा लाल होता.

मला कळलं काय झालं ते. पुन्हा चालू होताना संगणकानं जुळ्यांची मोजणी उलटी केली होती. दुरुस्तीही माहीत होती: एफ-१, सेटिंग, इनपुट, पहिला पोर्ट, उपकरण बदला. आठ संध्याकाळी मी दुसरं केलंच काय होतं? माझा हात कीबोर्डकडे गेला.

तोवर दादाचा अंगठा फिरला होता. न पाहता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं. तीन, दोन. सिलेक्ट, स्टार्ट. निळा आणि लाल, दोघंही आकाशातून जंगलात पडले.

“तुझं बटण अजून लागत नाही काय बे?” पडद्यावरची नजर न काढता दादा म्हणाला. त्याच्या चष्म्यात दोन छोटे टीव्ही दिसत होते.

पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. दादानं गुडघा चोळला आणि पाय लांब केले. धबधबा आला. मी पहिल्या दगडावर उडी मारली, दुसऱ्यावर मारली, तिसरा दगड चुकलो. पुन्हा उगवलो. वरून निळी पँट भराभर चढत चालली होती आणि पडदा तिच्यामागे सरकत होता.

“वर ये ना बे! काय करून राह्यला खाली?”