परिषद येऊ दे, पण आधी तळ्यात भरतीचं पाणी येऊ दे

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका तरुण शेजाऱ्याने लिहिलं, "विमानतळ झाला, अटल सेतू झाला, स्टेडियम तर आहेच. मग जागतिक हवामान परिषद नवी मुंबईत का होऊ नये?" खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याचा उत्साह खरा आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या मुलींनी इथे नेरुळमध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा मीही गच्चीत उभी होते. स्टेडियममधला आवाज घरापर्यंत येत होता आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. आपल्या शहराचं नाव जगाने घ्यावं असं मलाही वाटतं.

पण हवामान परिषदेचं, म्हणजे हवामानबदलावर बोलायला सगळे देश दरवर्षी जमतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचं, नाव निघालं आणि मला गप्प बसवेना. वीस-बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी परिषद जिथे भरायची ते गाव वर्गातल्या नकाशावर मुलांकडून शोधून घ्यायचे. मग त्या गावाचं पुढे काय झालं हे वाचायची मला सवय लागली. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितेय.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी २०२८ ची परिषद भारतात भरवण्याचा प्रस्ताव मांडला होता. तेव्हापासून आपल्याकडे अशी चर्चा होते, ते साहजिकच आहे. दुबईला ऐंशी हजारांहून जास्त माणसं जमली होती. एवढी माणसं दोन आठवडे एका शहरात राहतात, जेवतात, अंघोळी करतात, गाड्यांतून फिरतात, हे आधी डोळ्यांपुढे आणा.

आता कॅनकूनकडे बघा. मेक्सिकोतल्या या शहराचं उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण ते आपलंच भावंड वाटतं. १९७० च्या सुमारास तिथल्या सरकारने कॅरिबियन किनाऱ्यावरची, जेमतेम वस्तीची एक वाळूची पट्टी निवडली आणि कागदावर आराखडा आखून पर्यटनाचं शहर उभं केलं. नवी मुंबई वसवणाऱ्या आपल्या सिडकोची स्थापनाही १९७० चीच. त्या पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्ते नावाचं खाजण आणि मधे हॉटेलांची रांग. हॉटेलांत चादरी बदलणारी, भांडी घासणारी माणसं राहतात शहराच्या आतल्या वस्त्यांत, रोज बसने ये-जा करतात. आपल्या पाम बीच रोडवरून सकाळी सातला गेलात तर हेच चित्र दिसेल.

त्या कॅनकूनमध्ये २०१० च्या अखेरीस हवामान परिषद झाली. गरीब देशांना मदत देणारा हरित हवामान निधी तिथेच ठरला, तेव्हा परिषद वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण परिषदेची दालनं दोन लांब ठिकाणी होती, हॉटेलं तिसरीकडे. प्रदूषणावर बोलायला आलेले लोक रोज तासन्‌तास बसमध्ये. त्याआधी, २००५ मध्ये विल्मा वादळाने तिथला किनारा धुऊन नेला होता आणि समुद्राच्या तळातून वाळू उपसून तो पुन्हा भरावा लागला होता. किनारा धरून ठेवणारं खारफुटीसारखं जे असतं ते काढून टाकलं की काय होतं, हे त्या शहराने अंगावर सोसलेलं होतं.

आणि तरीही जानेवारी २०१६ मध्ये, परिषदेला जेमतेम पाच वर्षं झाली असताना, त्याच शहरात ताहामार नावाच्या भागातली खारफुटी रातोरात यंत्रं लावून भुईसपाट केली गेली. सरकारी पर्यटन संस्थेच्या बांधकाम प्रकल्पासाठी. स्थानिक लोक आणि शंभरावर मुलं कोर्टात गेली तेव्हा काम थांबलं. ही बातमी वाचली त्या दिवशी मला वर्गात शिकवता आलं नव्हतं. ज्या शहरात जगाने हवामानावर निर्णय घेतले, तिथल्या मुलांना आपली तिवरं वाचवायला न्यायाधीशापुढे उभं राहावं लागलं.

२०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला परिषद झाली. एका बाजूला वाळवंट, दुसरीकडे तांबडा समुद्र, प्यायचं पाणी समुद्राचंच गोडं करून घेतलेलं. परिषद जवळ आली तसे खोल्यांचे भाव असे चढले की आधी केलेली बुकिंगं रद्द झाली. छोट्या देशांचे प्रतिनिधी, स्वतःच्या खर्चाने आलेले कार्यकर्ते, ज्यांची बेटं बुडतायत ते लोक निवाऱ्यासाठी वणवण करत होते. निदर्शनं करायची तर आधी परवानगी काढून, वेगळ्या आखून दिलेल्या जागेत. आणि त्याच परिषदेत, ठरलेला दिवस उलटून गेल्यावर, हानी आणि नुकसानभरपाईच्या निधीवर एकमत झालं. आपल्या कोळीवाड्यांना, खारेपाटातल्या शेतकऱ्यांना अशा निधीचं मोल समजावून सांगावं लागत नाही. उधाणाने बांध फुटला की शेत किती वर्षं नापीक राहतं ते त्यांना विचारा. म्हणून मी परिषदांच्या विरोधात नाही. त्या व्हायलाच हव्यात. यजमान गावाच्या वाट्याला काय येतं, एवढंच मी विचारतेय.

ब्राझीलच्या बेलेंमध्ये २०२५ ला तर खोल्याच पुरेनात, म्हणून दोन मोठी प्रवासी जहाजं आणून बंदरात उभी करावी लागली. घरभाडी भडकली ती वेगळीच.

खोल्यांचं हे दुखणं आपणही थोडं चाखलंय. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा माझ्या मावसबहिणीचे सासरे इथे इस्पितळात होते. साताऱ्याहून आलेली चार माणसं एका साध्या लॉजवर आळीपाळीने झोपायची. मालकाने आदल्या दिवशी सांगितलं, उद्यापासून तिप्पट, नाहीतर खोली रिकामी करा. ती माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन झोपली, आम्हाला त्याचं काहीच नाही. पण नवी मुंबई म्हणजे नुसती आयटी पार्क नाहीत, उपचारांसाठी गावाकडून येणाऱ्या माणसांचं हे शहर आहे. तीन रात्रींच्या कार्यक्रमात ही गत, तर दोन आठवड्यांत त्यांनी जायचं कुठे? अशा वेळी खोल्यांच्या दरांवर मर्यादा हवी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जागा राखीव हव्यात. हे आधी, लेखी, मराठीत जाहीर झालं पाहिजे.

आणि आता आपल्या सीवूड्सच्या फ्लेमिंगोंच्या तळ्याचं बोलते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. शहरभर आपण फ्लेमिंगोंचे पुतळे उभे केलेत, भिंती गुलाबी रंगवल्यात. पण हा पक्षी जगतो कसा? ओहोटीला तो खाडीच्या चिखलात खातो. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग त्याला उथळ, शांत जागा लागते. तेव्हा तो सीवूड्सच्या डीपीएस शाळेजवळचं तळं, एनआरआय वसाहत आणि चाणक्य या नौवहन संस्थेजवळच्या पाणथळी गाठतो. या जागांचा जीव म्हणजे खाडीशी जोडलेली पाण्याची वाट. ती बुजली की भरतीचं पाणी आत येत नाही, तळं सुकतं किंवा शेवाळतं. एप्रिल २०२४ मध्ये मेलेले फ्लेमिंगो सापडले तेव्हा मी तळ्यावर होते. गुलाबी पंख सुकलेल्या चिखलात रुतून बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या करावे गावच्या मासळीवाल्या मावशी एवढंच म्हणाल्या, "पानी आत येत नाय, त मावरा कसा येल, नि पाखरू तरी कसा येल?" त्यांच्या लहानपणी याच खाजणात निवट्या आणि चिंबोऱ्या हाताने धरत. माझ्या पाठ्यपुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा तीन पानांचा होता, आणि हे त्यात कुठेच नव्हतं.

खूप लोकांनी पाठपुरावा केला म्हणून या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचं २०२५ मध्ये ठरलं. त्या सगळ्यांना माझा नमस्कार. पण दर्जा कागदावर असतो, पाणी मात्र नाल्यातूनच यावं लागतं.

माझी भीती साधी आहे. मोठा सोहळा आला की मोकळी दिसणारी जागा हवी असते: वाहनतळाला, मंडपाला, हेलिपॅडला. आणि आपल्या शहरात मोकळी दिसणारी जागा म्हणजे पाणथळच. विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. विमानतळाची गरज होती, हे मी मान्य करते. पण त्या दहा गावांतल्या लोकांसमोर पुन्हा "देशाची शान" हा शब्द उच्चारण्याआधी आपण जरा थांबावं.

जी-२० चे पाहुणे मुंबईत आले तेव्हा रस्त्याकडेच्या वस्त्यांपुढे पडदे लागले होते. तुर्भ्याच्या खाणीकाठच्या वस्त्या, दिघ्याच्या टेकडीवरची घरं, तिथल्या हंड्यांच्या रांगा अशा झाकायच्या असतील तर मला ती परिषद नको. पाहुण्यांना तिथेच न्यायचं असेल, करावे आणि दिवाळे या गावांतल्या कोळ्यांना व्यासपीठावर बोलू देणार असाल, तळ्याकडे येणाऱ्या पाण्याच्या सगळ्या वाटा आदल्या पावसाळ्याआधी मोकळ्या होणार असतील, तर या वयातही मी स्वयंसेवक म्हणून उभी राहीन. नकाशे मीच काढून देईन.

हे सगळं त्या शेजाऱ्याला थोडक्यात पाठवलं. तो जवळच राहतो, पण तळं त्याने गाडीतूनच पाहिलंय. रविवारी सकाळी येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, भरतीची वेळ बघून ये, ओहोटीला गेलास तर पक्षी खाडीत असतात. आणखी कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघू.