पाचपैकी दोन

चौथीतल्या मुलीच्या वहीत ‘वाक्यात उपयोग करा’ला मला पाचपैकी दोन मिळाले. म्हणजे मिळाले तिलाच, पण वाक्यं माझी होती, रात्री साडेदहाला पेंगत पेंगत सांगितलेली. ‘हुरहुर’साठी मी दिलं होतं, ‘लोकल चुकल्यामुळे बाबांना हुरहुर लागली.’ त्यावर लाल फुली आणि शेजारी ‘अर्थ समजून घ्या’. घ्या! म्हणजे वाक्य कोणाचं ते बाईंना बरोबर कळलंय. दहावीला मराठीत ८१ होते हो मला.

शनिवारी हेच डोक्यात घेऊन दळणाला गेलो. पुढे पाच डबे. गिरणीवाला म्हणाला काय साहेब आज गप्प, आणि मी सगळं सांगून बसलो. तिथेच चुकलं, कारण बाकड्यावर मांडीवर ज्वारीची पिशवी घेऊन एक आजोबा बसले होते, भुवयांवर पीठ.

“बाईंचं बरोबर आहे,” त्यांनी न विचारता निकाल दिला. “लोकल चुकली की चुटपुट लागते. चार मिनिटांत दुसरी येते, तिची कसली आलीय हुरहुर? हुरहुरीला आपलं माणूस निघालेलं लागतं. रुखरुख आणखी वेगळी. मेव्हण्याला ९२ साली दोन हजार दिले, मागायचे राहिले. तो दर दिवाळीला माझ्याच घरी जेवून माझ्याच दिवाणावर घोरतो. ती रुखरुख.”

“आणि तगमग?” गिरणीवाल्याला चेव आला.

“मे महिन्यात तुझ्या या पत्र्याखाली होते ती.”

“मग मला आत्ता जे होतंय ते?” मी.

“ते चडफडणं. त्याला लागणं नसतं, आपणच करायचं असतं.”

एवढ्यावर थांबतील तर शप्पथ. गाइडवर घसरले. ‘वाघ दिसताच राजूची पाचावर धारण बसली.’ आमच्या शाळेपासून हाच वाघ आणि हाच राजू, दोघंही म्हातारे झाले नाहीत. “अहो धारण म्हणजे धान्याचा भाव! रुपयाला पाच शेर इतकं महागलं की माणसं घाबरायची. वाघाचा काय संबंध? वाक्यात उपयोग करायचा तर इथे करा,” म्हणून त्यांनी भिंतीवरच्या दळणाच्या नव्या दरांकडे बोट केलं. गिरणीवाल्याचा चेव उतरला. मी घरी येऊन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला, १८५७ च्या आवृत्तीचा. धारण म्हणजे खरंच धान्याचा भाव. परत चडफडलो.

पण मला सांगा, रात्री साडेदहाला बापाने सांगितलेली वाक्यं तपासायची कशाला? आजी गावाला परत गेली तेव्हा पोरगी दोन दिवस आजीची उशी घेऊन झोपली होती, तिला विचारलं असतं तर तिने बरोबर लिहिलं असतं. पण रोज चार वह्या पुऱ्या करायच्या म्हटल्यावर विचारणार कोण, मी आपली लोकल घुसवली आणि झोपायला पाठवलं. अर्थ समजून घ्या म्हणे. कधी घेऊ?

आणि या सगळ्या नादात आजोबांच्या ज्वारीवरच माझा गहू पडला. एरवी मी भांडून आधी गव्हाचंच कुणाचं तरी टाकायला लावतो. आठवडा झाला, पोळ्या लाटताना काठ फाटतायत, बायको रोज पोळी उचलून माझ्याकडे नुसती बघते. या बघण्याला कुठला शब्द आहे ते विचारायला मी काही त्या गिरणीत जाणार नाहीये.