ऑसबोर्न लाइट्स लाइट बिलापायी बंद नाही झाले

नोव्हेंबर संपत आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर तर हमखास, कारण 2015 पर्यंत ज्यांनी नाताळच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन फ्लोरिडातलं ऑर्लँडो केलं त्यातल्या बऱ्याच जणांच्या अल्बममध्ये डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधल्या 'ऑसबोर्न लाइट्स' या नाताळच्या रोषणाईखालचा एक तरी फोटो असतोच. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एका बापाने लेकीच्या हट्टापायी घरावर लावलेले दिवे डिस्नीने नेले, त्यावर बक्कळ कमावलं, शेजाऱ्यांची केस नडली, तो माणूस गेला तसे लाइट बिल वाचवायला लगेच बंद केले, त्याने लेकीसाठी आणलेले दिवे भंगारात काढले, दुसऱ्या रस्त्यावर आरामात लावता आले असते पण स्टार वॉर्सच्या नव्या विभागापुढे कोणाला पडलीय, आणि सगळ्यात शेवटी 'यंदा परत येतायत, पुढे पाठवा'.

यातलं बापलेकीचं खरं आहे. बाकीचं बघू.

आधी लाइट बिल, कारण सगळे त्यावरच हळहळतात. डिस्नी आकडा सांगायची तो साधारण 50 लाख दिव्यांचा, आणि 50 लाख म्हटलं की आपल्याला आपलं बिल आठवून घाम फुटतो. पण शेवटच्या सीझन्सना तिथे एलईडी होते. दुकानात मिळणारी 70 दिव्यांची साधी एलईडी माळ 5 वॉटच्या आसपास खाते, म्हणजे 50 लाख दिवे सगळे एकदम पेटले तरी साडेतीनशे किलोवॉट. संध्याकाळचे चार तास धरले तर 1400 युनिट, आणि युनिटला 10 सेंट धरा, झाले 140 डॉलर. 2015 मध्ये त्या पार्कचं एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट 97 डॉलर होतं. दोन माणसं गेटातून आत आली की रात्रीचं बिल निघून वर चहापाण्याला उरले! हा माझा कच्चा हिशोब आहे, दुप्पट करा, तिप्पट करा, तरी पाच माणसांच्या तिकिटांत बसतो. शिवाय 2006 पासून दिवे गाण्यावर नाचायचे, म्हणजे गाणं चालू असताना सगळे सतत पेटलेले नसायचे.

खर्च होता, नाही कसा, पण तो माणसांचा. छपरांवर, भिंतींवर, डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत माळा आणि दिव्यांचे सांगाडे चढवायचे, प्रत्येक सर्किट तपासायचं, गाण्याशी जुळवायचं, आणि जानेवारीत सगळं परत उतरवायचं. तो खर्च त्यांनी वर्षानुवर्षं केला, आणि गर्दी कमी झाल्याची तक्रार तर कधीच नव्हती, चालता यायचं नाही एवढी माणसं असायची.

शेजाऱ्यांची केस. ही खरी आहे पण मेसेजवाल्याने ती उलटी लावलीय. जेनिंग्ज ऑसबोर्न हे आर्कान्सामधल्या लिटल रॉकचे उद्योजक, औषधांच्या चाचण्या करणारं सेंटर चालवायचे. 1986 मध्ये मुलगी ब्रीझी म्हणाली म्हणून हजार दिवे लावले, मग दरवर्षी वाढवत गेले, शेजारची घरं विकत घेऊन त्यांवरही लावले, आणि आकडा 30 लाखांच्या पार गेला. बघायला येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबायचा, स्वतःच्या घरी पोचणं मुश्किल, म्हणून 1993 मध्ये शेजारी कोर्टात गेले. (माझ्या घरासमोर असं झालं असतं तर मीही गेलो असतो, उगाच त्यांना खलनायक करू नका.) कोर्टाने मर्यादा घातल्या, पुढे आर्कान्साच्या सुप्रीम कोर्टातही ऑसबोर्न यांच्या बाजूने काही लागलं नाही, आणि मग 1995 च्या नाताळात दिवे फ्लोरिडाला गेले. म्हणजे केस झाली म्हणून डिस्नीत आले, केस झाली म्हणून तिथून गेले नाहीत, मध्ये दोन दशकं आहेत हो.

'तो गेल्यावर लगेच' हे तर कॅलेंडर बघितलं तरी कळतं. ऑसबोर्न वारले जुलै 2011 मध्ये, आणि शेवटचा सीझन 2015 चा, जो जानेवारी 2016 च्या पहिल्या आठवड्यात संपला. मध्ये पाच नाताळ झाले, शेवटपर्यंत शोला त्यांच्या कुटुंबाचंच नाव होतं.

आता ते भंगार. लेकीसाठी आणलेले 'तेच' दिवे शेवटी तिथे टांगलेले होते ही कल्पना गोड आहे पण एलईडी आले तेव्हाच जुने बल्ब गेले. जुन्या घराची आठवण उरली होती ती सांगाड्यांत आणि काही गमतींत. माझी आवडती म्हणजे ती जांभळी मांजर. ऑसबोर्न हॅलोविनलाही सजावट करायचे, त्यातली एक मांजर नाताळच्या सामानाबरोबर चुकून फ्लोरिडाला आली. परत पाठवायच्या ऐवजी तिथल्या लोकांनी ती दरवर्षी नव्या जागी लपवायला सुरुवात केली, कधी खिडकीत, कधी छपराच्या कडेला, आणि वरून साबणाचा खोटा बर्फ पडत असताना लोक मान वर करून तिलाच शोधत फिरायचे. नाताळच्या लाखो दिव्यांत हॅलोविनची एक मांजर, असली गंमत मीटिंगा घेऊन सुचत नाही.

राहिला रस्ता, आणि खरं उत्तर इथेच आहे. हे दिवे डिस्नीत पहिल्यापासून पाहुणेच होते, मालकीची जागा त्यांना कधी मिळालीच नाही. सुरुवातीला ते रेसिडेन्शियल स्ट्रीटवर लागायचे, म्हणजे बॅकलॉट टूर या स्टुडिओ दाखवणाऱ्या फेरीतली शूटिंगच्या खोट्या घरांची गल्ली, 'द गोल्डन गर्ल्स' मालिकेतल्या घराचा दर्शनी भाग तिथलाच. 2003 मध्ये ती गल्ली गाड्यांच्या स्टंट शोसाठी पाडली, त्या नाताळात दिवे लागलेच नाहीत, हे कोणाच्या लक्षातही नसतं. 2004 ला ते स्ट्रीट्स ऑफ अमेरिकावर परत आले. मग सप्टेंबर 2014 मध्ये बॅकलॉट टूर बंद, ऑगस्ट 2015 मध्ये स्टार वॉर्सच्या 14 एकरांच्या आणि टॉय स्टोरीच्या 11 एकरांच्या नव्या विभागांची घोषणा, पुढच्याच महिन्यात 'यंदाचे दिवे शेवटचे' असं जाहीर, एप्रिल 2016 मध्ये स्टंट शोही बंद. ज्या शोसाठी दिव्यांची पहिली गल्ली पाडली तो शोही दिव्यांच्या मागोमाग गेला. टॉय स्टोरी लँड 2018 ला उघडलं, स्टार वॉर्सचं गॅलेक्सीज एज 2019 ला. अख्खा मागचा भागच उठला, त्यात हे दिवे. वीज, केस, मृत्यू, कशाचाच संबंध नाही.

'दुसऱ्या रस्त्यावर आरामात' मध्ये मला तो 'आरामात' खटकतो. स्ट्रीट्स ऑफ अमेरिका म्हणजे दोन्ही बाजूंना न्यूयॉर्कछाप इमारतींची नुसती तोंडं, मागे टेकू. त्यांवर हवं ते ठोका, हवं ते टांगा, वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही. आणि पार्कच्या मागच्या टोकाला असल्यामुळे माणसं तासभर गाणी ऐकत उभी राहिली तरी कोणाची वाट अडत नव्हती, गणपतीतले देखावे बघायला जसं सरकत सरकत जातो तसं चाललं तरी चालायचं. तेच सनसेट बुलेवार्डवर करून बघा, टॉवर ऑफ टेरर या राइडला जायचा तो रस्ता, रोलर कोस्टरलाही तोच, आणि 'फँटॅस्मिक' हा रात्रीचा शो सुटला की हजारो माणसं एकदम त्याच रस्त्याने बाहेर. तिथे गर्दी उभी करून ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

पण अशक्य होतं असंही मी म्हणणार नाही. 2004 ला नवी जागा शोधली होतीच की, आणि त्यांच्याकडे फ्लोरिडात चार पार्क आहेत. दुसऱ्यांदा शोधायची नाही हे त्यांनी ठरवलं, आणि राग धरायचाच असेल तर तो यावर धरा. 2016 पासून सनसेट बुलेवार्डवर त्या टॉवरवर नाताळचं प्रोजेक्शन सुरू झालं. ते चांगलं आहे, पण ते समोर उभं राहून बघायचं असतं, आणि ऑसबोर्न दिव्यांत तुम्ही आत असायचात, शेजारच्या अनोळखी आजीचा चेहरा गाण्याच्या ठेक्यावर लाल हिरवा होताना दिसायचा. हे नुकसान खरं आहे, त्याला बिलाची खोटी गोष्ट कशाला चिकटवायची.

'यंदा परत येतायत' बद्दल एवढंच की मेसेजसोबतचा व्हिडिओ जुना असतो, त्यातली स्ट्रीट्स ऑफ अमेरिका आता नाही. त्यातला थोडा भाग ग्रँड अव्हेन्यू नावाने उरला, आणि शेजारचा मपेट्स या बाहुल्यांचा थ्रीडी शोही जून 2025 मध्ये बंद झाला, तिथे 'मॉन्स्टर्स, इंक.' सिनेमावरच्या नव्या विभागाचं काम काढलंय. तिकिटं काढायच्या आधी निदान पार्कचा आत्ताचा नकाशा उघडून बघा, आणि ज्या काकांनी तो मेसेज पाठवलाय त्यांनाही पाठवा.