तुकड्यांवरून रेणू ओळखता येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचे आणि त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र, यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की यंत्र रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करते, संगणक त्या तुकड्यांचा आलेख साठवलेल्या आलेखांशी ताडून एक नाव छापतो आणि आम्ही मंडळी त्या नावालाच पुरावा समजतो. फुटलेल्या बरणीच्या काचांवरून आत लोणचे होते की मुरांबा हे सांगण्यातला हा प्रकार आहे, असे आपले म्हणणे. आपली हयात बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत गेली असल्याने छापील अहवालांविषयीचा आपला संशय मी हलक्याने घेत नाही. तरी आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य नाही, आणि दुसरा भाग आपण मांडलात त्याहूनही गंभीर आहे.

बरणी कशीही फुटते. रेणू तसा फुटत नाही. मारा करणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जगभरच्या प्रयोगशाळांत ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवण्याचा संकेत आहे. सेंद्रिय रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवायला साधारण ८ ते १२ पुरतात, आणि त्यानंतर रेणूत उरलेली जादा ऊर्जा प्रामुख्याने कमकुवत बंध तोडते, किंवा जेथे तुटल्यावर स्थिर आयन तयार होतो तेथे तोड पडते. म्हणूनच बडोद्यात काढलेला आलेख दुसऱ्या खंडात काढलेल्या आलेखाशी ताडता येतो. क्लोरोबेंझीनचे उदाहरण घ्या. त्याच्या आलेखात ११२ आणि ११४ या वस्तुमानांच्या दोन रेषा साधारण ३:१ या प्रमाणात दिसतात, कारण निसर्गात क्लोरीनची ३५ आणि ३७ वस्तुमानांची समस्थानिके जवळपास त्याच प्रमाणात आढळतात. पुढे ७७ ला मोठी रेषा दिसते, पण ७९ ला तिची तशी जोडीदार नाही. याचा अर्थ क्लोरीन निघून गेला आणि फिनाइलचा, म्हणजे बेंझीनच्या कड्याचा भाग उरला. हे कळायला संगणकाच्या संग्रहाची गरज नाही. कागद आणि पेन्सिल पुरते.

शिवाय रेणू नेहमी फोडावाच लागतो असेही नाही. इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत द्रावणाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब उडवून प्रथिनांसारखे अवाढव्य रेणूसुद्धा अखंड अवस्थेत यंत्रात नेता येतात. जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारातील वाटा याच कामासाठी मिळाला.

आता जेथे आपला संशय रास्त आहे, तेथे येतो. यंत्र मोजते ते वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर. नाव हे आपण त्यावरून काढलेले अनुमान असते. आपल्या पेट्रोकेमिकल पट्ट्यात झायलीन कोणाला नवे नाही. ऑर्थो, मेटा आणि पॅरा या तिन्हींचे वस्तुमान १०६ आणि तिन्हींच्या आलेखात सर्वांत उंच रेषा ९१ ला. तिघांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर अनुभवी माणूसही फसेल. अशा वेळी संग्रहाशी जुळणीचा आकडा कितीही मोठा आला तरी त्यातून यांपैकी कोणता हे ठरत नाही. ते ठरवावे लागते आधीच्या गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे कोणता घटक स्तंभातून किती वेळाने बाहेर पडतो यावरून, आणि तेही खात्रीच्या संदर्भ-नमुन्याशी तुलना करूनच. त्यातही मेटा आणि पॅरा वेगळे काढायला साधा स्तंभ बहुधा पुरत नाही.

अधिक अचूक यंत्राने काही पेच सुटतात. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि एथिलीन या तिघांचेही वस्तुमान ढोबळमानाने २८. पण बारकाईने मोजल्यास ते अनुक्रमे २८.००६, २७.९९५ आणि २८.०३१ येते. आइसोमरांच्या, म्हणजे झायलीनच्या तिन्ही प्रकारांसारख्या फक्त रचनेत वेगळ्या असणाऱ्या रेणूंच्या बाबतीत मात्र दशांश कितीही वाढवले तरी उपयोग नाही, कारण त्यांचे रेणुसूत्रच एक असते.

नाव बरोबर आणि मात्रा चुकीची, असेही घडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवणारे द्रव्य शोधताना २०२० च्या सुमारास अमेरिकेत एका खासगी प्रयोगशाळेच्या मोजणीत काही नमुन्यांत ते वाजवीपेक्षा अधिक दिसले, आणि त्याचे कारण डीएमएफ हे नेहमीचे द्रावक असल्याचे तेथील औषध नियंत्रकांना फेरतपासणीत आढळले. प्रोटॉन जोडलेल्या एनडीएमएचे वस्तुमान ७५.०५५३. डीएमएफच्या साध्या आयनाचे ७४.०६००, पण त्यातला नायट्रोजन १५ वस्तुमानाचा असला तर ७५.०५७१. निसर्गात असा नायट्रोजन अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मात्र द्रावक भरपूर आणि अशुद्धी नाममात्र असली की तेवढाही पुरतो. हे दोन आयन वेगळे दाखवायला सुमारे ४२,००० इतकी विभेदनक्षमता (जवळजवळची वस्तुमाने वेगळी दाखवण्याची यंत्राची क्षमता) लागते, किंवा मग दोन्ही द्रव्ये यंत्रात शिरण्यापूर्वीच क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात वेगळी व्हावी लागतात. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या अहवालात जुळणीच्या टक्केवारीपेक्षा संदर्भ-नमुन्याचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे घटक स्तंभातून केव्हा बाहेर पडले याचा आलेख, जोडला आहे का, आणि कोणते द्रावक वापरले ते लिहिले आहे का, हे आधी पाहावे असे मी सुचवीन.