नवा नंबर, जुनी लढाई

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं असं शाळेत शिकवतात. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ते अजून चालू आहे. तिथली डी. सी. थॉमसन कंपनी जुलै १९६१ पासून 'कमांडो' ही युद्धकथांची कॉमिक्स छापतेय. २०१७ साली पाच हजारावा अंक निघाला, तरी जर्मन सैनिकांना शहाणपण आलेलं नाही. ते अजूनही 'आख्टुंग!' ओरडत त्याच कोपऱ्यावरून वळतात आणि तिथेच मरतात.

दर पंधरवड्याला चार अंक निघतात. दोन नवे, दोन जुने पुन्हा छापलेले. म्हणजे वर्षाला १०४. अंक ६८ पानी, ७ बाय साडेपाच इंचांचा, जाडी तीनेक मिलिमीटर. वर्षाला फूटभर फळी लागते आणि ती घरात मागायला लागणारं धैर्य कुठल्याही अंकातल्या नायकाकडे नाही.

पण आम्हा जमवणाऱ्यांचा खरा छळ नंबर करतात. नव्या-जुन्यांची रांग एकच. साठच्या दशकातली गोष्ट आज पुन्हा छापली, तर तिला आजचाच ताजा नंबर मिळतो. त्यामुळे नंबरांची यादी खिशात घालून हिंडणारा माणूस हमखास तीच लढाई दुसऱ्यांदा विकत घेतो. यादी शीर्षकांची करावी आणि प्रत्येकापुढे मुखपृष्ठावरचं चित्र दोन-तीन शब्दांत लिहावं: 'टायगर रणगाडा, पडका पूल, मिशीवाला सार्जंट'. नुसतं शीर्षक पुरत नाही, कारण आग, सूड आणि मृत्यू या तीन शब्दांच्या बाहेर शीर्षकं फारशी जात नाहीत.

अलीकडच्या अंकांचं सोपं आहे. मुखपृष्ठावर 'गोल्ड' किंवा 'सिल्व्हर' असेल तर माल जुना. गोल्ड म्हणजे साधारण साठ-सत्तरच्या दशकांतला, सिल्व्हर त्यानंतरचा. आत मूळ नंबर आणि सालही देतात. त्याआधीच्या पुनर्मुद्रणांवर हा प्रामाणिकपणा सहसा सापडत नाही. तिथे किंमत बघावी. ब्रिटननं १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग मोडीत काढून दशमान नाणी आणली. तेव्हा शिलिंगातली किंमत म्हणजे त्याआधी छापलेला अंक, नुसते 'पी' म्हणजे नवे पेन्स असतील तर नंतर छापलेला. पद्धत सोपी आहे. फक्त आपल्याकडचा रद्दीवाला 'रु. ४०'ची चिकटपट्टी नेमकी त्याच कोपऱ्यावर लावतो.

ती पट्टी नखानं खरवडू नये, मुखपृष्ठाचा रंग तिच्याबरोबर येतो. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून अर्धा मिनिट द्यावी, गोंद मऊ झाला की पट्टी कागदाला जवळजवळ समांतर ओढावी.

रद्दीपेक्षा भयंकर म्हणजे भाड्यानं पुस्तकं देणारी जुनी वाचनालयं. अंक टिकावा म्हणून तिथे पुठ्ठा लावून दाभणानं शिवण घालायचे, तीही कडेपासून चांगली अर्धा इंच आत. अंक टिकला, पण प्रत्येक पानाच्या आतल्या बाजूचा संवाद शिवणीत गेला. मेजर तोंड उघडून काहीतरी महत्त्वाचं सांगतोय आणि आपल्याला ऐकू येतंय फक्त '...आणि मग आपण सगळे...'. शिवण उसवावी. भोकं राहतात, पण मेजरचा बेत कळतो.

मग आपला पावसाळा. कागद वर्तमानपत्राचा, टाचण्या साध्या लोखंडी. दमट हवेत टाचणी गंजते, गंज कागदात उतरतो आणि मधलं जोडपान निखळून हातात येतं. गंजलेली टाचणी पुढून उपटू नये. मधलं पान उघडून बोथट सुरीनं तिचे दोन्ही पाय सरळ करावेत, मग कण्याच्या बाजूनं अलगद काढावी. गंजाची पूड कोरड्या ब्रशनं झटकावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालून गाठ आत मारावी. सेलोटेपला तर घरात थाराच देऊ नये; काही वर्षांत तो तपकिरी होतो, डिंक कागदात मुरतो आणि अख्खी पलटण काविळीनं आजारी दिसते. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी, पण तोंड चिकटवू नये, नाहीतर आतला ओलावा आतच राहतो. खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी. नारिंगी दाणे हिरवे झाले की बदलावी, नुसती ठेवून दिलेली पुडी म्हणजे खडे.

एवढं करूनही घरचा प्रश्न उरतोच: 'हे आहे ना आपल्याकडे?' उत्तर तयार ठेवावं. जुन्या अंकांवर लेखक-चित्रकारांची नावं नसायची, आजच्या पुनर्मुद्रणात असतात. म्हणजे हा अंक तोच असला तरी संशोधन वेगळं. हा युक्तिवाद एका अंकापुरता चालतो. लंडनच्या फ्लीटवे प्रकाशनासाठी ह्यूगो प्रॅट या इटालियन चित्रकारानं काढलेल्या युद्धकथा अलीकडे रिबेलियन या प्रकाशनानं मोठ्या आकारात, पुठ्ठा बांधणीत काढल्या. ते पुस्तक 'हे त्यातच बसेल' म्हणून खपवता येत नाही, कारण ते बुटाच्या खोक्यात खरंच बसत नाही.

पुनर्मुद्रणाची निर्विवाद गरज एकाच ठिकाणी पडते. रद्दीतल्या अंकाचं शेवटचं पान बहुधा गायब असतं. तसा अंक फेकू नये. मूळ नंबर पेन्सिलीनं आत लिहून ठेवावा आणि गोल्ड-सिल्व्हरच्या आतल्या पानांवर तो नंबर कधी उगवतो यावर डोळा ठेवावा. कधीकधी दशकं जातात. तोवर वैमानिक पॅराशूटला लटकलेला, खाली जर्मन बंदुका रोखून उभे, आणि गद्दार कोण हे फक्त डंडीला ठाऊक.